पट आणि फराळ

मनुष्य कोणकोणते खेळ खेळत आला, याचा शोध पंडितांनीं पुष्कळ घेतला आहे. बुद्धिबळांचा उगम कोठें झाला, सारीपाट कोणत्या वाटेनें देशोदेशीं गेला, यांविषयीं मोठमोठे ग्रंथ आहेत. परंतु खेळ रंगला असतां त्या पटाशेजारीं खाण्यापिण्याचें काय होतें, तें कोणीं आणिलें आणि कोणीं कोणास वाढलें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. प्रश्न क्षुल्लक दिसतो. मलाहि तो गेल्या कोजागिरीपर्यंत तसाच वाटत होता.

त्या रात्रीं माझा पुतण्या आपल्या तीन मित्रांस घेऊन आमच्या गच्चीवर खेळावयास बसला. खेळ जर्मनींतला, 'कॅटन' नांवाचा. सन १९९५ मध्यें क्लाउस टॉयबर या गृहस्थानें तो प्रसिद्ध केला. षट्कोनी तुकड्यांचें एक बेट मांडावयाचें, त्यावर रस्ते आणि वसाहती बांधावयाच्या, आणि त्यासाठीं लागणारें धान्य, लोकर, विटा, लांकूड व खनिज यांची खेळणारांनीं आपसांत देवघेव करावयाची, असा त्याचा प्रकार आहे. मुलें हुशार, सौदे मोठ्या चुरशीनें चालले होते. दहाच्या सुमारास खालीं दाराची घंटा वाजूं लागली आणि चार निरनिराळ्या दुकानांतून चार पुडकीं वर आलीं. प्रत्येकानें दूरध्वनीवरून आपापल्या आवडीचें मागविलें होतें. प्रत्येकानें आपलें पुडकें मांडीवर घेतलें. एका हातानें घास आणि दुसऱ्या हातानें फासे, असा क्रम सुरू झाला. पटावर धान्याची घासाघीस चालली होती, पण पटाबाहेर एकाच्या पुडक्यांतला घास दुसऱ्याच्या हातीं जात नव्हता. मला राग आला असें नव्हे. मात्र इतिहास शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याला अशा वेळीं मागें वळून पाहिल्यावांचून राहवत नाहीं. खेळतांना मनुष्य काय खात आला, आणि त्या खाण्यावरून खेळणारांच्या परस्परसंबंधांविषयीं कांहीं कळतें काय, हें पाहण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

आपल्याकडील द्यूताचा एक फार जुना पुरावा ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्तांत सांपडतो. तेथले फासे बेहड्याच्या फळांचे आहेत, आणि त्यांच्या नादीं लागून बायकोस, आईस व सासूस पारखा झालेला जुगारी तेथें बोलतो. महाभारतांतील सभापर्वांत तर पणाला लागलेल्या वस्तूंची याद मोठी सविस्तर आहे: रत्नें, रथ, दासदासी, राज्य, भाऊ आणि शेवटीं द्रौपदी. पण त्या पटाशेजारीं कवीनें ताट मांडलेलें नाहीं. जेथें एकाचें सर्वस्व दुसऱ्याकडे जावयाचें आहे, तेथें दोघांनीं एकत्र घास घेण्यास जागाच उरत नाहीं, हें त्या थोर कवीस सांगावयास नको होतें.

व्यवहाराच्या दृष्टीनें याहून बोलका पुरावा कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत आहे. द्यूत एकाच नेमलेल्या ठिकाणीं चालावें, म्हणजे गुप्तपणें उपजीविका करणारे लोक ध्यानांत येतात, असा कौटिल्याचा रोख आहे. आणि त्यावर देखरेख करण्यास द्यूताध्यक्ष नांवाचा अधिकारी त्यानें सांगितला आहे. हा अध्यक्ष जिंकलेल्या द्रव्यांतून शेंकडा पांच घेतो, फाशांचें व कवड्यांचें भाडें घेतो, आणि त्यांबरोबरच जागेचा व पाण्याचाहि मोबदला घेतो. पाण्याचा मोबदला! ज्या देशांत वाटसरूसाठीं पाणपोई घालणें हें पुण्य मानलें गेलें, त्या देशांत जुगाराच्या अड्ड्यावर तहानेचीहि किंमत आकारली जात होती. येथें खेळणारे एकमेकांचे पाहुणे नाहींत. ते सर्व राजाचे गिऱ्हाईक आहेत.

आतां एक राजवाडा पाहूं. अकबर बादशहाच्या खेळांचें वर्णन अबुल फज्लनें आपल्या ऐने अकबरींत केलें आहे. चौपडीचा नाद बादशहास इतका होता कीं, एके काळीं दोनशेंहून अधिक लोक त्यांत भाग घेत, आणि सोळा डाव पुरे केल्यावांचून कोणास घरीं जाण्याची मुभा नसे. हें सत्र कधीं कधीं तीन महिने चाले. मध्येंच कोणी कंटाळला, अस्वस्थ झाला, तर त्याला मद्याचा प्याला रिचवावा लागे. या वृत्तांताची गंमत वाटते. पण विचार केला म्हणजे ती ओसरते. बाजारांतल्या अड्ड्यावर पाणी विकत घ्यावें लागत होतें. दरबारांत मद्य फुकट होतें, पण तें दंड म्हणून. दोन्हीं ठिकाणीं पेय मिळत होतें. आपल्या शेजाऱ्यास तें आपल्या हातानें द्यावें, ही गोष्ट मात्र दोन्हीं ठिकाणीं नव्हती.

इंग्रजी शिकलेल्या वाचकास या ठिकाणीं सँडविचच्या अर्लची आठवण होईल, आणि ती योग्यच आहे. जॉन माँटेग्यू हा सँडविचचा चौथा अर्ल. पिएर-जाँ ग्रोस्ले हा फ्रेंच प्रवासी सन १७६५ मध्यें लंडनला गेला होता. त्याचा ग्रंथ सन १७७० मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत त्यानें लिहिलें कीं, एक मंत्री चोवीस तास जुगाराच्या मेजावरून उठला नाहीं, आणि तेवढ्या वेळांत त्यानें पावाच्या दोन भाजलेल्या कापांत ठेवलेलें गोमांस तेवढें खाल्लें. त्यावरून त्या पदार्थास त्याचें नांव पडलें. या कथेवर सर्वांचा विश्वास नाहीं. सन १९९३ मध्यें अर्लचें चरित्र लिहिणाऱ्या एन्. ए. एम्. रॉजर यांच्या मतें त्या काळीं अर्लच्या मागें राज्यकारभाराचा मोठा व्याप होता. तेव्हां तो पाव जुगाराच्या मेजावर नव्हे, कामाच्या मेजावर खाल्ला गेला असण्याचाच संभव अधिक आहे. मला हा तर्क पटतो. परंतु मेज कोणतेंहि असो, हेतु एकच होता: जागा सोडावी लागूं नये, आणि दुसरा हात मोकळा राहावा. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहासकार गिबन यानेंहि २४ नोव्हेंबर १७६२ च्या आपल्या दैनंदिनींत 'कोको ट्री' नांवाच्या मंडळांतला देखावा टिपून ठेविला आहे. राज्यांतले वीस-तीस प्रतिष्ठित व श्रीमंत पुरुष लहान लहान मेजांवर बसून थंड मांस अथवा सँडविच खात होते. एवढे मोठे लोक, आणि मेजें एवढालीं! तो पदार्थच तसा आहे. तो एका मनुष्याच्या एका हातासाठीं घडविलेला आहे. पुढें इंग्रज कुटुंबांनीं त्याचे लहान तुकडे करून चहाच्या वेळीं एका तबकांत मांडावयास आरंभ केला, तेव्हां कोठें त्यास पंक्तीचें सुख लाभलें.

अड्डा, दरबार आणि मंडळ हीं तीन स्थळें पाहून झालीं. खेळाचें चौथें स्थळ म्हणजे घर, आणि आपल्या महाराष्ट्रांत त्याची साक्ष दगडांत कोरलेली आहे. वेरूळच्या एकविसाव्या व एकोणतिसाव्या लेण्यांत शिवपार्वती द्यूत खेळतांना दाखविलीं आहेत. राज्य पणाला लावणारे हे खेळाडू नव्हेत. हें एक दांपत्य आहे. खालच्या बाजूस नंदी आहे, आणि त्याच्या खोड्या काढणारे गण आहेत. डाव कोणीहि जिंकला तरी कैलास त्याच घराण्यांत राहणार! असा खेळ मनुष्यांच्या घरांत आणावयाचा तर त्याला कांहीं मर्यादा घातली पाहिजे. ती आपल्या धर्मशास्त्रकारांनीं कशी घातली, तें कोजागिरीच्या व्रतावरून दिसतें.

आज कोजागिरी म्हटली म्हणजे गच्ची, चांदणें आणि आटविलेलें केशरी दूध एवढेंच डोळ्यांपुढें येतें. पण मूळ व्रतांत जागरणाबरोबर फासे खेळण्याचें विधान आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. काशींत स्थायिक झालेल्या, मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यांतील कमलाकरभट्टांनीं सन १६१२ मध्यें निर्णयसिंधु रचिला. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनीं सन १७९०–९१ च्या सुमारास धर्मसिंधु पुरा केला. या परंपरेंत आश्विन पौर्णिमेच्या रात्रीं लक्ष्मी व इंद्र यांचें पूजन, जागरण आणि अक्षक्रीडा हीं सांगितलीं आहेत. मध्यरात्रीं लक्ष्मी 'कोण जागें आहे?' असें विचारीत फिरते. जागा असेल त्याला ती धन देते. जागें राहण्याचें साधन म्हणून फासे, आणि त्यांच्याबरोबर नारळाचें पाणी आणि पोहे. बंगालचे रघुनंदन यांच्या तिथितत्त्वांतहि हेंच व्रत आहे, आणि तेथें क्रम स्पष्ट दिला आहे: नारळ व पोहे यांनीं देव आणि पितर यांस पुजावें, त्यांनींच बांधवांस संतुष्ट करावें, आणि मग आपण खावें.

या क्रमाकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. द्यूताचा धोका शास्त्रकारांस ठाऊक नव्हता असें नाहीं. महाभारत त्यांना मुखोद्गत होतें. त्यांनीं फासे फेकून दिले नाहींत. त्यांनीं फाशांशेजारीं नारळ ठेविला, आणि दुसऱ्यास दिल्याखेरीज तो आपणास नाहीं असा नियम केला. जेथें पणाचा लोभ कमी करावयाचा, तेथें माणसांस रात्रभर एकत्र बसवून ठेवणारें दुसरें कांहीं तरी लागतें. तें काम फराळानें केलें.

पोहेच कां, यालाहि कारण आहे. कोंकणांत याच पौर्णिमेला नवान्न पौर्णिमा म्हणतात. हळवें भात तोंवर हातीं आलेलें असतें. भात भिजवून, भाजून, कांडून पोहे होतात. म्हणजे अग्नीचें काम अगोदरच झालेलें असतें. मध्यरात्रीं चूल पेटवावी लागत नाहीं. नारळाच्या पाण्यांत किंवा दुधांत ते भिजविले कीं पुरे. खेळ मोडून कोणास स्वयंपाकघरांत जावें लागूं नये, ही सँडविचच्या अर्लची अडचण येथेंहि होती. फरक इतकाच कीं, येथें ती एका मोठ्या परातीनें सोडविली.

खेळाची साधनेंहि खाण्यास वळण लावितात. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचे दहा रंग व प्रत्येकीं बारा अशीं एकशेंवीस वाटोळीं पानें असतात. हातानें रंगविलेल्या व लाखेचा हात दिलेल्या त्या पानांस ओलीं, तेलकट बोटें लावावयाचें धैर्य कोण करील? अशा खेळास कोरडा फराळच शोभतो. पातळ पोह्यांचा चिवडा या कामीं आज आपणांस पुरातन वाटतो. परंतु त्यांतली मिरची आणि शेंगदाणे हीं दोन्हीं अमेरिकेंतलीं. पोर्तुगीजांची गलबतें या किनाऱ्यास लागण्यापूर्वीं आपल्या पूर्वजांस त्यांची चव माहीत नव्हती. तेव्हां आजच्या चिवड्यांतले पोहे व्रताइतके जुने असले, तरी त्याचा तिखटपणा पांचशें वर्षांच्या अलीकडचा आहे. परंपरा म्हणजे कधींहि न बदललेली वस्तु, असें मानणारांनीं चिवड्याची एक मूठ विचारपूर्वक खावी.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, प्राध्यापकमहाशय जुन्या काळाचे गोडवे गात आहेत. हा आक्षेप मीं स्वतःवर घेऊन पाहिला आहे. त्या एका परातीभोवतीं सर्वच बसत होते काय? नाहीं. एखाद्याशीं दिवसभर सोंगट्या खेळाव्या, पण त्याच्या हातचें पाणी पिऊं नये, असे जातिनियम या भूमींत शतकानुशतकें चालले. ज्यांना ओसरीवरहि येऊं दिलें नाहीं त्यांची तर गोष्टच वेगळी. शिजविलेल्या भाताविषयींचे निर्बंध सर्वांत कडक; भाजलेल्या, तळलेल्या आणि दुधांतल्या पदार्थांविषयींचे त्या मानानें सैल. फराळ हा शब्द फलाहारापासून आला. जेवणाच्या पंक्तीस जे एकत्र बसूं शकत नव्हते, त्यांतले कांहीं फराळास बसूं शकले, हें खरें. पण कांहींच. आणि बायकांविषयीं काय बोलावें? दूध आटवीत चुलीपाशीं ज्या जागल्या, त्यांचें जागरण लक्ष्मीनें मोजलें असेल. घरांतल्या पुरुषांनीं क्वचितच मोजलें. माझी आई उत्तम खेळत असे, हें मला ती गेल्यावर मावशीकडून कळलें. आमच्या घरच्या पटावर मीं तिला कधीं पाहिलें नाहीं.

एवढें कबूल करूनहि त्या परातीचा एक गुण माझ्यानें नाकारवत नाहीं. त्याचें कारण एक घरगुती प्रसंग आहे.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. वडील आणि धाकटे काका यांच्यांत जमिनीच्या वाटणीवरून वितुष्ट आलें होतें. एकाच वाड्यांत राहून दोन वर्षें ते एकमेकांशीं बोलत नव्हते. निरोप आम्हां मुलांमार्फत जात. कोजागिरीला आजीनें पट मांडला. सारीपाटाला चौघे लागतात, आणि समोरासमोर बसणारे दोघे जोडीदार असतात. आजी स्वतः एका बाजूस बसली, तिच्यासमोर शेजारचे आप्पा. उरलेल्या दोन जागा समोरासमोरच्या होत्या. तिनें त्या मुद्दाम ठेविल्या होत्या, हें मला आतां कळतें. वडील व काका बसले. दान, घर, सोंगटी याखेरीज एक शब्द नाहीं. तोहि पटाकडे पाहून उच्चारलेला. डाव संपल्यावर आजीनें पट गुंडाळला, मधोमध पोह्यांची परात ठेविली, आणि शेजारीं शहाळ्याच्या पाण्याचा एकच तांब्या. वाट्या मागितल्या तेव्हां ती म्हणाली, "वाट्या घासायला गेल्यात." रात्रीं साडेबाराला!

बराच वेळ कोणी कांहीं बोललें नाहीं. मग काका म्हणाले, "दादा, यंदा पोहे जरा कडकच राहिलेत." वडिलांनीं तांब्या उचलला आणि काकांच्या बाजूच्या पोह्यांवर पाणी शिंपडलें. एवढेंच झालें. दावा पुढें आणखी तीन वर्षें चालला. जमीन शेवटीं दुभागलीच. परंतु दोन वर्षांनंतर उच्चारला गेलेला तो 'दादा' हा शब्द मीं कानांनीं ऐकला आहे. आणि कोर्टाच्या तारखा चालू असतांहि त्या दोघांनीं पुढली एकहि कोजागिरी चुकविली नाहीं. खेळानें त्यांस समोरासमोर बसविलें. बोलतें केलें तें परातीनें.

म्हणून खेळाचा विचार करतांना आपण थोडें अधिक पाहावें, असें मला वाटतें. सन १८८७ चा मुंबईचा जुगारप्रतिबंधक कायदा केवळ कौशल्याच्या खेळांस वगळतो. म्हणजे कौशल्य आणि दैव यांत तो भेद करितो. न्यायालयास तोच भेद योग्य. घरास दुसरी एक कसोटी आहे: डाव संपल्यावर हरलेल्यास जिंकलेल्याच्या हातून कांहीं मिळतें काय?

आतां गच्चीवर परत येतों. मीं मुलांना उपदेश केला नाहीं. उपदेशानें चिवडा मऊ पडतो. मी खालीं गेलों, परात भरून आणिली आणि पटाशेजारीं ठेविली. प्रथम त्यांना संकोच वाटला. पत्त्यांना तेल लागेल अशीहि एक शंका निघाली, आणि ती रास्त होती. मग एकानें पट हलक्या हातानें बाजूला सरकविला. दुसऱ्यानें आपलें पुडकें परातींत उपडें केलें. पाठोपाठ बाकीचीं तीन. त्या मिश्रणाचें वर्णन मी करीत नाहीं, पण तें संपलें.

इतक्यांत माझी पत्नी दुधाचें पातेलें घेऊन वर आली. खेळ चौघांचा होता. पुतण्या उठला आणि म्हणाला, "काकू, माझ्या जागीं तुम्ही बसा. दूध मी वाढतों." तिनें नियम विचारून घेतले, चष्मा पुसला आणि ती बसली. मी कठड्याशीं उभा राहून पाहत होतों. चंद्र डोक्यावर आला होता. डाव बराच वेळ चालला.